भेंडीविना गम्बो

तीन मासे घ्यावेत. चौथा जिन्नस कोणताही चालेल. झुडपावरची फळे, अळंबी, एखादे गाजर. चौथाही मासाच असला तरी हरकत नाही. हे चारही जिन्नस भांड्यात टाकावेत आणि झाकण लावून स्वस्थ बसावे. पाणी घालावयाचे नाही, मीठ घालावयाचे नाही, फोडणीचे तर नावच काढू नये. वीस सेकंदांत सूप तयार.

एखादी सुगरण हे वाचून म्हणेल, की ही कृती सांगणारा माणूस उभ्या जन्मात चुलीपुढे बसलेला नसावा. बाईंचा तर्क अगदी खोटा नाही. कारण ही कृती ज्या मुलखातली आहे तो मुलूख नकाशावर सापडत नाही. तो असतो संगणकाच्या पडद्यावर. ‘डोन्ट स्टार्व्ह’ नावाच्या खेळात हे सूप शिजते. आपल्या भाषेत सांगायचे तर खेळाचे नाव ‘उपाशी मरू नका’, आणि सूपाचे नाव ‘सीफूड गम्बो’.

कॅनडातील व्हँकूवर शहरी असलेल्या क्ली एन्टरटेनमेन्ट ह्या कंपनीने हा खेळ २०१३ साली बाजारात आणला. त्याची चित्रे पाहिली की जुन्या इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांतील काळ्या शाईची रेखाटने आठवतात: वाकडीतिकडी झाडे, बटबटीत डोळ्यांची माणसे, सगळीकडे थोडीशी भुताटकी. विल्सन नावाचा एक हौशी शास्त्रज्ञ असतो. कोणा मायावी पुरुषाच्या नादी लागून तो एक यंत्र बांधतो, त्याची कळ ओढतो, आणि एका निर्मनुष्य रानात येऊन पडतो. खिशात काही नाही, जवळ कोणी नाही. तो मायावी पुरुष समोर येतो आणि एवढेच बजावतो, की बाबा, रात्र पडण्याच्या आत खाण्याचे काहीतरी पाहा. बस्स. पुढे खेळणाऱ्याचे नशीब.

पडद्याच्या कोपऱ्यात तीन वर्तुळे असतात. एकात पोट, दुसऱ्यात हृदय, तिसऱ्यात मेंदू. पोट भरलेले असले म्हणजे १५०. रोज त्यातून ७५ खर्च होतात. म्हणजे दोन दिवस काही मिळाले नाही की पोट रिकामे. तिथला दिवसही आपला नव्हे. आठ मिनिटांत एक अहोरात्र संपते. पोट शून्यावर आले की हृदयाचे वर्तुळ ओसरू लागते आणि दोनएक मिनिटांत विल्सनसाहेब आडवे होतात. एकदा मेला की सारे पहिल्यापासून. जमवलेली लाकडे, बांधलेले कुंपण, पेरलेली वाफे, सगळे गेले.

तिसरे वर्तुळ मात्र मला फार विचार करण्यासारखे वाटले. ते मनाचे आहे. भर अंधारात उभे राहिले, पावसात भिजले, नासलेले अन्न खाल्ले, राक्षसांच्या जवळ फार वेळ काढला, की मन खचते. मन खचले की कडेकडेने सावल्या हलू लागतात, आणि अगदीच रसातळाला गेले की त्या सावल्या खऱ्या होऊन अंगावर येतात. भुकेच्या खेळात मनालाही पोटाच्या बरोबरीने जागा दिली, ह्यात रचणाऱ्यांची जाण दिसते. उपासमारीने माणूस खंगतो हे सर्वांना ठाऊक आहे. एकटेपणानेही खंगतो, हे खेळ रचणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही.

बरे, सूप शिजवायचे भांडे. ते विकत मिळत नाही. दगड फोडायचे, ते घडवायचे, असे तीन घडीव दगड. जळलेले झाड तोडून काढलेल्या कोळशाचे सहा तुकडे. आणि सहा काड्या. एवढ्यातून ‘क्रॉक पॉट’ उभा राहतो. एकदा उभा राहिला की त्याला पुन्हा जळण म्हणून लागत नाही. गॅसच्या सिलिंडरचा नंबर लावून बसणाऱ्या कोणत्याही गृहिणीने हेवा करावा असे हे भांडे आहे. मासे धरण्यासाठी गळ हवा. त्याला दोन काड्या आणि दोन रेशमाचे धागे. रेशीम मिळते ते कोळी मारून. (हे आठ पायांचे कोळी बरे का, वर्सोव्याचे नव्हेत.)

भांड्यात चार जिन्नस पडलेच पाहिजेत, तीन चालत नाहीत, पाच मावत नाहीत. कोणता जिन्नस कशात मोडतो त्याचे कोष्टक ठरलेले. मत्स्यांश दोनाच्या वर गेला की गम्बो. त्या चौथ्या जागी चुकून बर्फाचा खडा पडला तर गम्बो होत नाही. ‘सेविचे’ नावाचा दक्षिण अमेरिकेतल्या कच्च्या मासळीचा पदार्थ होऊन बसतो. काहीच मेळ जमला नाही तर एक राखाडी, गिळगिळीत लापशी निघते. नव्या सुनेच्या पहिल्या दिवसाची आठवण व्हावी असे ते भांडे निष्ठुर आहे.

गम्बो आला तो २०१६ साली. टोरॉन्टोच्या कॅपीबारा गेम्स ह्या मंडळींना बरोबर घेऊन क्लीने ‘शिपरेक्ड’ नावाची पुरवणी काढली. ह्या वेळी रान नाही. समुद्र, बेटे, फुटलेली जहाजे, नारळाची झाडे. रान गेले तशी भांड्यातली भाजीभाकरी गेली आणि मासळी आली. शेवंडीचे सूप आले, कालवे-शिंपल्यांचे आले, शार्कच्या परांचे सूपही आले. त्या शेवटच्या सूपाला खेळात चक्क पाप लागते: ते प्यायल्याने खेळणाऱ्याच्या खात्यावर दुष्कृत्य जमा होते, आणि ती शिल्लक फार वाढली की एक शिंगाळ चोर येऊन सामान पळवतो. भारत सरकारने शार्कच्या परांच्या निर्यातीवर २०१५ साली बंदी घातली, तिच्या दुसऱ्याच वर्षी हे सूप पडद्यावर अवतरले. योगायोग एवढाच.

आता गम्बोचा हिशेब पाहा. एक वाडगा प्यायला की पोटात ३७.५ जमा, हृदयात ४०, मनात २०. ऐकायला बरे वाटते. परंतु ह्याच खेळात मासळीच्या कांड्या म्हणून एक पदार्थ आहे. त्याला एक मासा पुरतो. एक काडी आणि दोन फळे घातली की झाले. त्याने पोटात जमा होतात ३७.५ आणि हृदयात ४०. म्हणजे तंतोतंत गम्बोइतकेच! आणि नुसते पोटच भरायचे तर मांसाचे गोळे आहेत. मांसाचा एक तुकडा आणि तीन भरतीचे जिन्नस, की ६२.५. मग एका माशाच्या जागी तीन मासे खर्चून गम्बोत मिळाले काय? तर मनाला कांड्यांनी ५ मिळतात, गम्बोने २०. पंधराचा फरक. दोन जादा मासे गेले ते ह्या पंधरापायी.

माझा भाचा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ह्या खेळात त्याचे दोनशे दिवस जिवंत राहण्याचे रेकॉर्ड आहे. (त्याच्या आईचे रेकॉर्ड वेगळे आहे: ‘जेवायला चल’ असे एका संध्याकाळी तिने अकरा वेळा म्हटले. पडद्यावर मुलगा उपाशी मरू नये म्हणून धडपडतो आहे, आणि शेजारी ताटातली आमटी थंड होते आहे, असा तो देखावा.) त्याला मी गम्बोबद्दल विचारले. त्याने तुच्छतेने मान हलवली. “मामा, गम्बो कोणी शहाणा करत नाही. तीन मासे फुकट जातात. मन सावरायला फुलांचा गजरा डोक्यावर घातला तरी चालतो.”

हिशेबाने त्याचे म्हणणे बिनचूक आहे. मी मात्र गम्बो हे नावच धरून बसलो होतो. कारण गम्बो ही काही खेळवाल्यांच्या डोक्यातून निघालेली चीज नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदी समुद्राला मिळते तेथे, लुइझियाना राज्यात गम्बो घरोघर शिजतो. न्यू ऑर्लिन्स हे त्याचे माहेर. आणि मौज अशी, की गम्बो ह्या शब्दाचा अर्थ सूप नाही. मासळी नाही. गम्बो म्हणजे भेंडी.

होय, आपली मंडईतली भेंडी. फ्रेंच भाषेत आजही भेंडीला ‘गोंबो’ म्हणतात. फ्रेंचांनी तो शब्द आफ्रिकेतून उचलला. अंगोलाकडच्या बांटू भाषांत भेंडीला ‘किन्गोम्बो’च्या जवळपासचे नाव आहे. काही विद्वान वेगळे सांगतात. तिथल्या मूळच्या चॉक्टॉ इंडियन लोकांत सॅसाफ्रास नावाच्या झाडाच्या पानांची पूड कालवण दाट करण्यासाठी घालतात, तिच्या ‘कोम्बो’ ह्या नावावरून गम्बो आला, असे त्यांचे मत. वाद पंडितांनी मिटवावा. स्वयंपाकघरात दोन्ही मते एकाच पातेल्यात नांदतात: कोणी गम्बो भेंडीने दाट करतो, कोणी त्या पुडीने, आणि दोन्ही नसतील तर निदान खमंग भाजलेल्या पिठाने तरी. खेळातल्या रानात वांगी पिकतात, मका पिकतो, बेटांवर रताळीही मिळतात. भेंडी मात्र औषधाला नाही. ज्याच्या नावाने भांडे चढले त्यालाच आमंत्रण नाही, असा हा प्रकार आहे.

भेंडीशी आपले नाते निराळे सांगायला नको. जगात सर्वांत जास्त भेंडी आज भारतात पिकते. पण आपली गृहिणी भेंडीशी जन्मभर एक युद्ध खेळत असते, ते तिच्या बुळबुळीतपणाशी. धुऊन फडक्याने पुसायची, चिरल्यावर पाण्याला शिवू द्यायची नाही, वर आमसूल किंवा ताक घालायचे, झाकण ठेवायचे नाही. लुइझियानात त्याच बुळबुळीचे कौतुक. तीच सूपाला अंग देते. अर्थात तिथल्याही चाणाक्ष बायका भेंडी आधी तेलात परतून तिची तार मोडून घेतातच. गोव्यात कोलंबीच्या हुमणात भेंडी घालण्याची चाल आहे. नारळाच्या रसात सुंगटे आणि भेंडे एकत्र शिजले की काय चव येते हे ज्याने मडगाव-पणजीकडे जेवणाचा योग साधला असेल त्याला सांगावे लागणार नाही. त्या माणसाला न्यू ऑर्लिन्सचा गम्बो वाढला तर तो बिचकणार नाही. नारळ कुठे गेला, एवढेच विचारील.

मात्र भेंडी लुइझियानात पोचली ती व्यापाऱ्याच्या गोणीतून हौसेने गेली नाही. न्यू ऑर्लिन्स शहराचा पाया फ्रेंचांनी १७१८ साली घातला. लगेच पुढच्या वर्षी, १७१९ मध्ये, आफ्रिकेतून गुलामांची पहिली मोठी जहाजे तिथे लागली. त्या जहाजांच्या कप्तानांना कंपनीने दिलेली आज्ञा उपलब्ध आहे. गुलाम आणाच, पण बियाण्यासाठी तीनचार पिंप भातही आणा, आणि त्या गुलामांत भाताची लागवड जाणणारी काही माणसे पाहून घ्या. ही आज्ञा वाचताना अंगावर काटा येतो. माणसे आणि बियाणे एकाच यादीत. दलदलीच्या त्या प्रदेशात गोऱ्या वसाहतवाल्यांना शेती जमत नव्हती. उपाशी मरण्याची पाळी त्यांच्यावरच आलेली होती. त्यांना तारले ते साखळदंडात आणलेल्या लोकांच्या शेतीच्या ज्ञानाने. गम्बोखालचा भात हा तिथून आला, आणि भेंडीही त्याच काळ्या हातांनी त्या मातीत रुजली. दक्षिण अमेरिकेत सुरीनामच्या जंगलात पळून जाऊन स्वतंत्र झालेल्या गुलामांचे वंशज आजही सांगतात, की आमच्या आज्यांनी भाताचे दाणे केसांच्या वेण्यांत लपवून आणले. दाणे खरोखर वेणीतून आले की नाही, इतिहासकार पाहोत. ही गोष्ट नातवंडांना सांगावीशी वाटली, ह्यातच सारे आले.

गम्बोचे नाव लुइझियानाच्या कागदपत्रांत पहिल्याने सापडते ते कोणत्या पाकपुस्तकात, मेजवानीच्या यादीत वा सरदाराच्या रोजनिशीत नाही. ते सापडते पोलिसी चौकशीच्या दप्तरात. साल १७६४. न्यू ऑर्लिन्समध्ये काही फरारी गुलामांचे प्रकरण चालले होते. त्यात जबानीसाठी एक गुलाम स्त्री उभी केली. नाव कोंबा, जात मांदिंग, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल-गांबियाकडची, वय पन्नाशीचे. तिला विचारण्यात आले, की त्या माणसांना तू गम्बो खाऊ घातलास काय? तिने होय म्हटले.

ह्या एका ‘होय’पाशी मी थबकलो. त्या काळचा कायदा काय होता तो पाहा. १७२४ साली फ्रेंचांनी लुइझियानासाठी ‘काळा कायदा’ लागू केला होता. पळून जाऊन महिनाभर परत न आलेल्या गुलामाचे कान कापावेत आणि खांद्यावर तापल्या लोखंडाने राजचिन्हाचा डाग द्यावा, दुसऱ्यांदा पळाला तर मांडीमागची शीर तोडून दुसऱ्या खांद्यावर डाग द्यावा, तिसऱ्यांदा देहान्त. अशा प्रकरणात ज्यांची नावे निघाली होती त्यांना आपल्या भांड्यातले जेवण दिल्याची कबुली ही बाई देते. त्या वाडग्यात काय होते, मासळी होती की कोंबडी, भेंडी होती की पूड, हे कारकुनाने लिहून ठेवलेले नाही. त्याला त्यात गुन्हा तेवढा दिसला. जो माणूस दलदलीत लपतछपत फिरतो, ज्याला रात्री झोप नाही आणि दिवसा उजेडाची भीती, त्याला तर कशानेही पोट भरून चालले असते. उरल्यासुरल्या मक्याच्या कण्या, कच्ची रताळी. त्याला कोंबाबाईंनी दिला तो गम्बो. वेळ घेऊन शिजवलेला, आपल्या गावाकडच्या चवीचा, नावानिशी ओळखीचा. ह्या वाडग्याची नोंद माझ्या भाच्याच्या हिशेबात कोणत्या वर्तुळात करावयाची?

मला वाटते ती तिसऱ्या वर्तुळात करावी लागेल. खेळवाल्यांना कोंबाबाई ठाऊक होत्या असे मी म्हणत नाही. त्यांनी आकडे भरताना आपल्या खेळाचा तोल सांभाळला असेल, एवढेच. परंतु भेंडी विसरली, पीठ भाजायचे विसरले, भातसुद्धा वाढायचा विसरले, आणि तरी गम्बोचा खास गुण कोणता, पोटाचा की मनाचा, ह्या एका रकान्यात त्यांचा आकडा नेमका जागी पडला आहे.

पुढे गम्बो गोऱ्यांच्या मेजावर गेला आणि पुस्तकात शिरला. व्हर्जिनियातल्या मेरी रँडॉल्फ बाईंनी १८२४ साली छापलेल्या पाकपुस्तकात भेंडीचा एक पदार्थ ‘वेस्ट इंडियन’ म्हणून दिला आहे. ह्या बाई खानदानी, आणि त्यांच्या मुदपाकखान्यात प्रत्यक्ष पळी फिरवणारे हात कोणाचे, ते निराळे सांगायला नको. त्या हातांचे पुस्तक यायला आणखी अर्धशतक लागले. गुलामीत जन्मलेल्या ॲबी फिशर ह्या बाई यादवी युद्धानंतर सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या. त्यांच्या लोणच्या-मुरंब्यांना तिथल्या प्रदर्शनांत पदके मिळाली. लोक म्हणू लागले, बाई, कृती लिहून द्या. बाईंना लिहिता वाचता येत नव्हते. त्यांनी तोंडी सांगितले, दुसऱ्यांनी उतरून घेतले, आणि १८८१ साली पुस्तक निघाले. अकरा मुलांच्या ह्या आईने त्यात गम्बोचे तीन प्रकार दिले आहेत. भेंडीचा, कालवांचा आणि कोंबडीचा. माप देतानाचा त्यांचा डौल अनुभवी बाईचा आहे. आपल्या आज्या सांगत ना, ‘अंदाजाने घाल, हात सांगतो’, तशातला.

विसाव्या शतकात न्यू ऑर्लिन्सचा गम्बो म्हटला की एक नाव निघे: लीया चेस. जन्म १९२३, मृत्यू २०१९. सासरच्यांचे ‘डुकी चेस’ हे खाद्यगृह १९४१ पासूनचे. लीयाबाई सून होऊन आल्या आणि त्यांनी साध्या सँडविचच्या त्या दुकानाला पांढऱ्या चादरी अंथरलेल्या मेजांचे उपाहारगृह केले. काळ्या माणसाला चांगल्या हॉटेलात पाऊल टाकायला बंदी असण्याचे ते दिवस. गोरे आणि काळे एका मेजावर जेवले तर कायदा मोडे. कायदा डुकी चेसच्या माडीवर रोज मोडत असे. समान हक्कांच्या चळवळीतली मंडळी तिथे जमत, बेत ठरत, आणि खालून गम्बोची पातेली वर जात. १९६१ साली बसमधून दक्षिणेत शिरून मार खाल्लेले ‘फ्रीडम रायडर्स’ इथे जेवले. हॉटेल गजबजलेले आणि लोकांच्या मायेतले, त्यामुळे पोलीस आत यायला कचरत. उद्या तुरुंगात पडायचे की दवाखान्यात, हे ठाऊक नसलेल्या पोरांपुढे लीयाबाईंनी वाडगे ठेवले. कोंबाबाईंना दोनशे वर्षे होत आली होती.

त्यांचा एक किस्सा न्यू ऑर्लिन्समध्ये अजून रंगवून सांगतात. २००८ साली निवडणुकीच्या प्रचारात बराक ओबामा डुकी चेसमध्ये जेवायला आले. गम्बो समोर येताच त्यांनी तो चाखायच्या आधीच बाटली उचलून वरून तिखट सॉस ओतला. लीयाबाई तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होत्या. त्यांनी भावी राष्ट्राध्यक्षाला तिथल्या तिथे खडसावले. आपल्याकडे आमटी चाखण्याआधी मिठाला हात घालणाऱ्या जावयाकडे सासू ज्या नजरेने पाहते, तीच ही जात. तीन वर्षांपूर्वी, २००५ च्या कॅट्रिना वादळात त्यांचे हॉटेल पुरात बुडाले होते. तेव्हा गावाने वर्गणी करून मदत केली, आणि २००७ साली चूल पुन्हा पेटली. मुलांना ‘प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ हा २००९ चा डिस्नेचा बोलपट आठवत असेल. त्यातली गम्बो शिजवणारी टियाना ही ह्याच लीयाबाईंवरून सुचलेली.

इतके वाचल्यावर कोणालाही पातेले चढवावेसे वाटेल. दिवाळीच्या फराळाने तोंड गोडमिट्ट झाले की भाऊबीज उलटल्यावर एखादा रविवार गम्बोचा करण्यासारखा आहे. चौघा-पाचजणांचे प्रमाण देतो.

अर्धा किलो कोलंबी सालीसकट आणावी. साली आणि डोकी काढून, ती टाकून न देता आठ वाट्या पाण्यात अर्धा तास उकळावीत आणि पाणी गाळून घ्यावे. सूपाचा निम्मा जीव ह्या पाण्यात आहे. आता खरे काम. जाड बुडाच्या कढईत अर्धी वाटी तेल, अर्धी वाटी मैदा, आणि मंद आच. ह्याला तिकडे ‘रू’ म्हणतात. ढवळत राहावयाचे, अर्धा तास, प्रसंगी पाऊण. फोन वाजला तर वाजू द्यावा. रंग आधी बिस्किटाचा, मग तांब्याचा, मग चॉकलेटचा येतो. बेसनाचे लाडू ज्यांनी नुकतेच वळले आहेत त्यांना ह्यात शिकवण्यासारखे काही नाही. बेसन भाजताना ज्या क्षणी नाक ‘आता पुरे’ म्हणते, त्याच्या पुढे आणखी एक पायरी जावयाचे. काळे ठिपके दिसले तर मात्र हळहळ न करता सगळे टाकून नव्याने सुरुवात करावी; करपलेला रू कशानेही सुधारत नाही.

रंग जमला की दोन बारीक चिरलेले कांदे, एक ढोबळी मिरची आणि सेलरीचे दोन देठ त्यात घालावेत. कांदा, मिरची, सेलरी ह्या तिघांना लुइझियानात त्रिमूर्तीचा मान आहे. सेलरी न मिळाली तर कोथिंबिरीचे देठ घ्या. तिकडचा माणूस नाक मुरडील, पण तो जेवायला येणार नाही. पाचसहा लसूणपाकळ्या, दोन तमालपत्रे, मिरपूड, झेपेल तितके लाल तिखट. तिकडे थाइम नावाचा पाला घालतात. आपल्या ओव्याला त्याच्यासारखाच वास असतो, म्हणून ओव्याची लहानशी चिमूट पुरते. मग कोलंबीचे पाणी थोडे थोडे घालून गुठळ्या मोडाव्यात. पाव किलो भेंडी चकत्या करून वेगळ्या तव्यावर तेलात कोरडी होईपर्यंत परतून ह्यात सोडावी आणि पाऊण तास मंद शिजू द्यावे. चिंबोऱ्या मिळाल्या तर शेवटच्या वीस मिनिटांत घालाव्यात. कोलंबी अगदी शेवटी, पाच मिनिटे. खोल ताटलीत भाताची मूद ठेवून वरून वाढावे.

माझ्या भाच्याने दोन ताटल्या घेतल्या आणि तिसरीत भात कमी पडला म्हणून तक्रार केली. खेळातला गम्बो दहा दिवस टिकतो. आपला फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावा. दुसऱ्या दिवशी तो जास्त मुरलेला लागतो. गरम करताना मात्र उकळी फुटू देऊ नये, कोलंबी रबरासारखी होते.